जावईबापूंच्या खिडकीतून दिसणारी गोळी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे कलाकार म्हणतात. हे नाव मी ठेवलं, आणि कौतुकाने ठेवलं नव्हतं. आईला मात्र ते कौतुकाचं वाटलं. तिने ते शेजारीपाजारी पसरवलं, आणि आता आमच्या इमारतीचा वॉचमनसुद्धा "कलाकारसाहेब आले का?" असं विचारतो.

तो शिकला शिल्पकला. शेवटच्या वर्षी त्याने घोड्याचं डोकं करायला घेतलं, मातीचं, खऱ्या घोड्याएवढं. ते गॅलरीत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेलं असायचं. फडकं ओलं ठेवायचं काम आईचं आणि डोकं पुरं करायचं काम त्याचं. आईने आपलं काम चोख केलं. शेवटी घोड्याला कान फुटायच्या आधी बुरशी फुटली आणि आम्ही ते डोकं तुकड्यातुकड्यांनी खाली नेऊन टाकलं. कलाकार म्हणाला, "इथे कुणाला नजरच नाही." जणू आम्ही बघितलं नाही म्हणून घोड्याला कान आले नाहीत.

त्यानंतर तो एका जाहिरातींच्या स्टुडिओत लागला. कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचं काम. "तात्पुरतं आहे," असं म्हणाला. त्या तात्पुरत्यात त्याचं लग्न झालं, पोट सुटलं आणि टाळूवरचे केस गेले. एवढ्या काळात त्याने स्वतः काही घडवलं नाही, पण दुसऱ्याचं काही चांगलंही म्हटलं नाही. शेजाऱ्यांचे पडदे भडक, भावजयीच्या माहेरचं फर्निचर गावठी, माझ्या दवाखान्याची पाटी तर त्याच्या मते गुन्हा होती. त्या पाटीवर एक हसरा दात आहे. "ताई, दाताला दात कसे असतील?" असं त्याने मला पेशंटसमोर विचारलं होतं.

आता खरं सांगायचं तर ही खोड त्याची एकट्याची नाही. आमच्या वडिलांनी मागे ना जमीन ठेवली ना जुमला. ठेवली ती एकच गोष्ट: समोरच्याकडे बघून नाकातून हसायची सवय. तिची आम्हा दोघांत सारखी वाटणी झाली. मी दातांची डॉक्टर. माणसं माझ्यापुढे आ वासून बसतात, त्यामुळे माणसांबद्दल माझ्याकडेही फारसा आदर उरलेला नाही.

तर एके दिवशी जेवताना कलाकार म्हणाला, "गोळ्यांच्या कंपनीचं काम आलंय. चौकातल्या कोपऱ्याच्या इमारतीवर तो दोन भिंतींचा मोठा पडदा आहे ना, त्यावर."

"चघळायच्या गोळ्या?"

"चघळायच्याच. बंदुकीच्या असत्या तर तुला कळवलं नसतं."

मी म्हटलं, "बरं झालं. तू मुलांच्या दातांना कीड लाव, मी काढते. घरचा धंदा घरात राहील."

आई हसली. भावजय हसली नाही. ती मुळातच कमी बोलते आणि त्याहून कमी हसते. आमच्या घरात आल्यापासून तिने एवढं एकच शहाणपण केलंय असं मला तेव्हा वाटायचं.

जेवण झाल्यावर त्याने आम्हाला ते काम समजावून दिलं. त्यासाठी भावजयीच्या नव्या चपलांचं खोकं न विचारता कापलं. खोक्याच्या दोन भिंती कोपऱ्याला जोडलेल्या ठेवल्या, त्यांवर पेनने काहीतरी वेडंवाकडं, ताणलेलं काढलं आणि मला एक डोळा मिटून फ्रिजजवळ उभं केलं. तिथून बघितलं तर खोक्याच्या आत एक बरणी उभी होती. चक्क आत, खोलवर. मी जरा डावीकडे सरकले तर बरणीचा चुरगळलेला कागद झाला.

"एकाच जागेवरून दिसतं?" मी विचारलं.

"एकाच जागेवरून. चौकात जिथे लोक रस्ता ओलांडायला थांबतात ना, ती जागा मी धरलीय. तिथून बघितलं की बरणी भिंतीच्या आत, आणि तिच्यातली गोळी बाहेर, रस्त्यावर लोंबकळणार. बाकी सगळीकडून वाकडं."

"मग बाकीच्या लोकांनी काय करायचं?"

"बाकीच्यांना सरळ गोष्टी तरी कुठे सरळ दिसतात?"

हे त्याने असं म्हटलं की आईला ते तत्त्वज्ञान वाटलं आणि तिने मान डोलावली.

पुढचे काही आठवडे तो रोज त्या चौकात जाऊन उभा राहायचा आणि घरी येऊन माणसांना नावं ठेवायचा. लोक वर बघत नाहीत, मोबाईलमध्ये नाक खुपसून चालतात, बैलासारखे. सिग्नल पडला की एकमेकांना ढकलतात. अशांसाठी आपण डोळ्यांचा खेळ करायचा म्हणजे गाढवापुढे गीता. मग सकाळी उठून परत त्याच गाढवांपुढे जायचा, आणि ती नेमकी कुठे थांबतात, किती उंच असतात, मान किती वर करतात, ते बघायचा.

एकदा तो चष्मा घरी विसरला म्हणून आईने मला त्याच्या स्टुडिओत धाडलं. पडदे ओढलेली, कूलरच्या गारठ्यातली खोली, आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या हातांची खुर्ची. टेबलावर वाटी भरून लाल गोळ्या आणि शेजारी फोमचं छोटं कोपऱ्याचं मॉडेल, आमच्या खोक्याचाच मोठा भाऊ. पडद्यावर एक गोळी होती, एवढी मोठी की तिच्या अंगावरचा साखरेचा एकेक कण दिसत होता. कलाकार तिची चकाकी कमी-जास्त करत बसला होता.

"कोरडी दिसता कामा नये," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तोंडात घालून लगेच बाहेर काढल्यासारखी दिसली पाहिजे. आणि मागचा रंग थोडा मळका ठेवायचा, म्हणजे ही पुढे येते. बरणीची चौकट पांढरी. गोळी त्या चौकटीवरून बाहेर आली की डोळा फसतो."

त्याची जीभ लालभडक झाली होती. मी म्हटलं, "नमुना म्हणून एक पुरली नसती का?"

तेवढ्यात जावईबापू आले. गोळ्यांची कंपनी सासऱ्यांची, आणि जाहिरातीचा विभाग जावयांचा. म्हणजे हुंड्यात मिळाला म्हणा. स्टुडिओत सगळे त्यांना पाठीमागे जावईबापूच म्हणत. अंगाला घट्ट कोट, पायात मोजे नाहीत. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "छान. पण गोळी थोडी आनंदी दिसू द्या ना."

कलाकार म्हणाला, "आनंदी?"

"म्हणजे तिच्यात एनर्जी पाहिजे. आणि कंपनीचं नाव मोठं करा. अजून मोठं. माझं केबिन चौकाच्या समोरच आहे, वरती. मला रोज दिसणार आहे ते."

मी भावाकडे बघितलं. वर्षानुवर्षं आम्हाला ऐकवत आला होता की कामात कुणाची ढवळाढवळ चालू देणार नाही, साक्षात ब्रह्मदेव आला तरी. आता म्हणाला, "नक्की सर." ब्रह्मदेवालाही त्याने नक्की सर म्हटलं असतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

काही दिवसांनी तो माझ्या दवाखान्यात आला, गाल धरून. दाढ किडली होती. एवढ्या गोळ्या चघळून न किडती तर नवल. त्याला खुर्चीत आडवा केला, तोंडात कापूस कोंबला आणि तेव्हा लक्षात आलं की हा माणूस गप्प आहे, आणि कापसामुळे नाही.

"काय झालं?"

त्याने हात हलवला. मी कापूस काढला. चूळ भरून तो म्हणाला, "काल चौकात चाचणी केली. खालून एकदम सुरेख दिसत होतं, ताई. एका बाईच्या हातातली पिशवी पडली. गोळी अंगावर येते असं वाटलं तिला."

"मग हे तोंड कशाला?"

"जावईबापूंनी केबिनमधून बघितलं. तिथून वाकडं दिसतं. म्हणाले, बादली कलंडल्यासारखी दिसते. माझ्या खिडकीतून नीट दिसलं पाहिजे."

"आणि तू त्यांना सांगितलंस की ते एकाच जागेवरून नीट दिसतं."

"सांगितलं. ते म्हणाले, मग ती जागा माझी खिडकी करा."

मी हातातली सुई खाली ठेवली. "आणि तू काय म्हणालास?"

तो छताकडे बघत होता. माझ्या छतावर बघण्यासारखं काही नाही, तरी पेशंट बघतात. "अगं, करायला फार काही नाही. हिशेबातली डोळ्याची जागा वर उचलायची, मग चित्र परत ताणायचं."

"म्हणजे केलंस."

"स्टुडिओच्या मालकीणबाई म्हणाल्या करा, म्हणून केलं. आणि नाहीतरी खालच्या लोकांना काय कळतं? ते काहीही बघतात."

"त्या पिशवीवाल्या बाईला कळलं होतं."

"एका बाईने काय होतं," तो म्हणाला आणि स्वतःच तोंड उघडून पडून राहिला. मी दाढ कोरली. इंजेक्शन नीट चढायची वाट फारशी बघितली नाही, हे मान्य.

उद्घाटनाच्या संध्याकाळी आम्ही सगळे गेलो. आईने ठेवणीतले कपडे घातले होते आणि ओळखीच्या झाडून सगळ्यांना बोलावलं होतं, त्यांतले सुदैवाने थोडेच आले. जावईबापूंचा बेत असा होता की निवडक मंडळींनी त्यांच्या केबिनमध्ये थंड पेय घेत खिडकीतून बघायचं, आणि उरलेल्यांनी रस्त्यावरून. आम्ही उरलेल्यांत होतो. कलाकारसुद्धा. ज्याने ते केलं त्याला वर बोलावणं नव्हतं, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून तो दिव्याच्या खांबाला टेकून उभा होता.

सगळा घोटाळा सासरेबुवांमुळे झाला. म्हाताऱ्याचा लिफ्टमध्ये जीव घुसमटतो आणि गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. "मी इथूनच बघतो," असं म्हणून त्यांनी फुटपाथवर खुर्ची मागवली. जावईबापूंना धावत खाली यावं लागलं. ते चौक ओलांडून आमच्या बाजूला पोचायच्या आधीच मला त्यांचा घाम दिसला.

पडदा उजळला. वर, त्या खिडकीतून काय दिसलं असेल ते देव जाणे. खाली आम्हाला जे दिसलं ते असं: बरणीवर कुणीतरी बसून ती चेपली होती, आणि तिच्या तोंडातून लाल, लांबलचक, ओलं असं काहीतरी लोंबत होतं. थकलेल्या जनावराची जीभ लोंबते तसं. शेवटी ते घरंगळून भिंतीला चिकटलं. मग कंपनीचं नाव आलं, खूप मोठं.

"किती गोड," आई म्हणाली. "लाल आहे ना?"

सासरेबुवा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"बाबा, बरणी आहे. आपल्या गोळ्यांची."

"मला वाटलं कुणाला तरी बरं नाहीये."

"वरून बघितलं की नीट दिसतं, बाबा. एकदम खरं वाटतं."

"वर कोण असतं?"

जावईबापू जरा चाचरले. "वर… मी असतो."

"तुला मी गोळ्या फुकट देतो," म्हातारा म्हणाला.

आजूबाजूचे कंपनीतले लोक बुटांकडे बघायला लागले. जावईबापूंचा चेहरा गोळीच्या रंगाचा झाला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खांबाशी टेकलेला माझा भाऊ त्यांना सापडला. "मी तुम्हाला पहिल्यापासून सांगत होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रस्त्यावरच्या माणसाचा विचार करा. सांगत होतो की नाही?"

मी वाट बघत होते. वाटलं, आता तरी. ज्याने माझ्या पाटीवरच्या दाताला सोडलं नाही, शेजाऱ्यांच्या पडद्यांना सोडलं नाही, तो आता एक वाक्य बोलेल. एकच. त्याने पिशवी आणखी घट्ट धरली आणि म्हणाला, "हो सर. माझ्याकडून राहिलं."

आईने माझा हात ओढला. "त्याला का बोलतायत?"

"तो ऐकून घेतोय म्हणून."

माझ्या भावाचा मला पुष्कळदा राग आला आहे, कंटाळा आला आहे. त्या संध्याकाळी जे वाटलं ते त्याहून खालचं होतं. खिडकीच्या काचेवर बसलेल्या माशीकडे आपण बघतो ना, मारावं असंही वाटत नाही, तसं.

आणि मग भावजय पुढे झाली. गर्दीतून वाट काढत ती स्टुडिओच्या मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "पहिल्यांदा केलेलं, रस्त्यावरून दिसणारं, यांच्या पिशवीत आहे. रोज बरोबर घेऊन फिरतात आणि घरी मला दाखवत बसतात. ते लावायला सांगा."

मालकीणबाईंनी कलाकाराकडे बघितलं. "आहे?"

"आहे," तो म्हणाला.

"मग बोलत का नाही?"

"कुणी विचारलं नाही."

भावजयीने त्याच्याकडे एकदा बघितलं. आमच्या घरात नाकातून हसायची परंपरा आहे, पण त्या बघण्यापुढे आम्ही बालवाडीत. मग तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि मालकीणबाईंना दिली.

पडदा काही वेळ काळा राहिला. नंतर जे लागलं ते मी कडेला, आईला धरून उभी असल्यामुळे मला नीट दिसलंच नाही. दिसली ती गर्दी. रस्ता ओलांडायला थांबलेली माणसं सगळी एकदम मागे सरली आणि मग सगळ्यांचे मोबाईल वर गेले. जावईबापू म्हणाले, "हेच. हेच मी म्हणत होतो." सासरेबुवांनी हात डोळ्यांवर धरून बघितलं आणि म्हणाले, "गोळी एवढी मोठी दाखवलीत तर पुडा फोडल्यावर गिऱ्हाईक मला शिव्या घालेल." आणि गाडीत बसून निघून गेले.

जाहिरात चालली, चांगलीच चालली. लोक गाड्या थांबवून बघायला लागले. जावईबापूंना त्याबद्दल कुठलंसं मानचिन्ह मिळालं. ते घेताना त्यांनी सामान्य माणसाच्या नजरेबद्दल भाषण केलं, आणि तो व्हिडिओ कलाकाराने घरी सगळ्यांना दाखवला. त्यात मागच्या रांगेत त्याची अर्धी टाळू दिसते म्हणून.

मात्र एक नवीनच खूळ सुरू झालं. काम सुटलं की तो घरी येईना. चौकात जाऊन त्या जागेवर उभा राहायचा आणि चुकीच्या ठिकाणी थांबलेल्या लोकांना कोपराला धरून हलवायचा. "इथून नाही, जरा इकडे या. आता बघा." काही लोक ऐकायचे, काही शिव्या द्यायचे. त्याने फुटपाथवर पिवळ्या रंगाने पावलं काढली. नगरपालिकेच्या माणसाने ती खरवडली. त्याने परत काढली. वाहतुकीच्या पोलिसाने दम दिला तेव्हा त्यालाही त्याने पावलांवर उभं केलं. ज्यांना तो बैल म्हणत होता, गाढवं म्हणत होता, त्यांच्या मागे हा आता दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यासारखा लागला होता. भावजय म्हणाली, "निदान तिथे तरी बोलतात."

एकदा दवाखान्याचे हातमोजे आणायला त्या बाजूला गेले होते. त्याला टाळून पलीकडून जायचा विचार होता, पण त्याने बघितलं.

"ताई, इथे ये."

"मला घाई आहे. आणि मी बघितलंय."

"तू कडेने बघितलंस. इथे उभी राहा."

उभी राहिले. भिंत नव्हतीच. इमारतीच्या कोपऱ्यात एक मोकळी, पांढऱ्या चौकटीची खोली होती आणि तिच्यात माणसाच्या दुप्पट उंचीची काचेची बरणी. काचेतून मागचा मळका उजेड आत येत होता. बरणी हळूच कलली. गोळ्या एकमेकींवर आपटत आल्या, आणि एक चौकटीवर येऊन थांबली. तिची सावली खालच्या दुकानाच्या छपरावर पडली. साखरेचे कण दिसले, त्यांच्यातला ओलेपणा दिसला. मग तिचा तोल गेला.

मी मागे सरकले. चांगलीच सरकले. मागच्या माणसाच्या पायावर पाय पडला आणि तो ओरडला.

मी कलाकाराकडे बघायचं टाळलं. मला वाटलं हा आता हसणार, वर्षभर पुरवून पुरवून वापरणार. तो हसला नाही. तो गोळीकडेही बघत नव्हता. माझ्या पायांकडे बघत होता, ते कुठून कुठे गेले ते.

"सावली जरा जास्त काळी आहे," मी म्हटलं.

"आहे," तो म्हणाला. "कळवलं होतं मी त्यांना. ऐकलं नाही."

कळवलं नसणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी मी हातमोजे आणायला निघून गेले.

मुदत संपल्यावर ती जाहिरात उतरली. आता त्या पडद्यावर गाद्यांची कंपनी येणार आहे, आणि ते कामही याच्याकडेच आलंय. हल्ली तो गाद्यांच्या दुकानांत जाऊन झोपून बघतो आणि घरी येऊन विक्रेत्यांना नावं ठेवतो. आई ओळखीच्या लोकांना सांगते की याला आता मोठमोठ्या गाद्यांची कामं मिळतात. ऐकणाऱ्यांचा काय समज होत असेल तो होवो. भावजयीने मात्र मालकीणबाईंचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवलाय.